पाय टेकेपर्यंत

बाबा, तुमच्या मोटरसायकलची सीट मी उघडली. नुसती उतरवली नाही, वरचं रेग्झिन उचकटायला लावून आतलं सगळं बाहेर काढलं. तुमचं तेरावं होऊन महिनाही झाला नव्हता. शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं, वर्ष तरी जाऊ दे. गेलेल्या माणसाच्या वस्तूंना इतक्यात हात लावू नये." मी म्हटलं, काकू, वर्षभर तशीच उभी ठेवली तर गाडीसुद्धा त्यांच्यामागे जाईल. काकूंना ते काही आवडलं नाही. तुम्ही असता तर आधी हसला असता आणि मग मलाच म्हणाला असता, मोठ्यांशी असं बोलू नये.

रागवायचं असेल तर रागवा. खरं सांगू, मी वाटच बघते आहे. हल्ली घरात कोणी रागवतच नाही. आई सगळ्याला "बरं" म्हणते. दूध नासलं, बरं. लाइट गेली, बरं. भेटायला माणसं येतात, ती त्यांना चहा करते, पोह्यांवर सेव घालून देते, आणि तिची समजूत काढायला आलेली माणसं स्वतःच रडून, तिच्याच हातचं पाणी पिऊन घरी जातात. तिला रडताना मी एकदाही पाहिलं नाही. मला तिची भीती वाटायला लागली आहे.

पण ते राहू दे. आधी आपलं भांडण, कारण ते तुम्ही अर्धवट टाकून गेलात.

गणपती उठल्यावरचा तो रविवार. तुकोगंजचे डॉक्टरसाहेब चहाला आले होते, तुमच्यासारखेच जुन्या गाड्यांचे वेडे. त्यांच्याकडे चार-पाच जुन्या मोटरसायकली आहेत, सगळ्या काचेसारख्या चकचकीत. ते तुमच्या गाडीकडे तसे बघायचे जसं लग्नाच्या मुलीकडे बघतात, हे मी तुम्हाला कितीदा सांगितलं. त्या दिवशी तुम्ही त्यांना म्हणालात, "घरात चालवणारं कोणी नाही हो. माझ्यानंतर तुम्हीच घेऊन जा. तुम्ही नीट ठेवाल."

घरात चालवणारं कोणी नाही. मी त्याच खोलीत होते, बाबा. चहाचा ट्रे घेऊन उभी होते. लग्न न करता याच घरात राहिलेली, कॉलेजात फिजिक्स शिकवणारी, रोज स्कूटरवर अख्खं इंदूर ओलांडून जाणारी, कॉलेजातल्या मैत्रिणीच्या मोटरसायकलवर गिअर शिकून आलेली मी. ट्रे खाली ठेवला आणि डॉक्टरसाहेबांच्या देखतच म्हटलं, "मला येते चालवता." तुम्ही साखर ढवळत म्हणालात, "येते. पण पाय पुरत नाहीत."

हे वाक्य मी शाळेपासून ऐकत आले. आधी ते "उंची वाढली की बघू" असं असायचं. मग उंची जिथे थांबायची तिथे थांबली, आणि तुम्ही म्हणायला लागलात, "आता काय वाढणार." गाडीवर बसले की माझे फक्त अंगठे जमिनीला लागायचे, तेही एका वेळी एकाच पायाचा. मी म्हणायची, सीट खाली करून घेऊ, छावणी बाजारात सीट शिवणारा कोणीही गद्दीवाला करून देईल. तुम्ही कानांना हात लावायचा. "ओरिजिनल सीट आहे ती. कंपनीने दिली तशी. तिला ब्लेड लावू देणार नाही."

आणि वरून तुमचं ते तत्त्वज्ञान. "बेटा, चालत्या गाडीला पाय लागत नाहीत. उभ्या गाडीला लागतात. गाड्या पडतात त्या उभ्या असताना, सिग्नलवर." हे शास्त्राने बरोबर आहे. मी वर्गात मुलांना तेच शिकवते. म्हणून तर जास्त राग यायचा. तुम्ही चुकीचं बोलत असता तर मी तुम्हाला तिथल्या तिथे गप्प केलं असतं.

डॉक्टरसाहेब गेल्यावर मी तुमच्याशी भांडायला आले तर तुम्ही पेपर उघडून बसलात. नंतर आपण बोललो, पण सगळं कामाचं. गॅस लावला का, बिल भरलं का, आईची गोळी आणली का. मुद्द्याचं कोणीच काही बोललं नाही. मला वाटलं दिवाळीत काढू विषय. दिवाळीच्या गडबडीत तुमच्या तोंडात करंजी कोंबून काढू. तुम्ही दिवाळीपर्यंत थांबलाच नाहीत.

लालबागेच्या भिंतीपाशी रविवारी सकाळी तुमची ती सगळी जमात जमायची ना, तिथे मी लहानपणी टाकीवर बसून यायची. तुमची हनुवटी माझ्या डोक्यावर टेकलेली असायची आणि गाडी खड्ड्यातून गेली की टक्कन लागायची. दोघांनाही लागायची, पण ओरडायचे तुम्ही. तिथे पोहे-जलेबी खात तुम्ही प्रत्येकाच्या गाडीची परीक्षा घ्यायचा. हा हॉर्न नंतरचा आहे. हा रंग कंपनीने कधी दिलाच नव्हता. कोणी सीट बदलून आणली असेल तर मग तुम्हाला चेवच यायचा. "भिया, ये सीट है कि पलंग? तकिया भी लगवा लेते." सगळे हसायचे, आणि ते बिचारे पुढच्या रविवारी जुनी सीट शोधून लावून यायचे.

एकदा तिथेच मी तुम्हाला विचारलं होतं, गाडी चालताना का पडत नाही? तुम्ही जरा विचार केलात आणि म्हणालात, "मला नाही माहीत. तू शिक आणि मला सांग." कोणाचा बाप असं म्हणतो? माझ्या मैत्रिणींचे वडील काहीतरी ठोकून द्यायचे. मी शिकले. एम.एस्सी. झाल्यावर जेवणाच्या टेबलावर ताटली फिरवून तुम्हाला समजावलं आणि ताटली फुटली. आई ओरडत होती आणि तुम्ही म्हणत होतात, थांब गं, तिचं पूर्ण होऊ दे. आज मी जी काही आहे ती त्या "मला नाही माहीत"मुळे आहे. हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. आपल्याकडे असं कुठे सांगतात?

म्हणून तर ते ट्रेच्या दिवशीचं वाक्य इतकं लागलं. परक्याने म्हटलं असतं तर मी कानाआड केलं असतं.

तेराव्यानंतर डॉक्टरसाहेबांचा फोन आला. माणूस वाईट नाही. "घाई नाही, तुमच्या सोयीने," म्हणाले, "पण तुमच्या बाबांनी शब्द दिला होता." शब्द दिला होता हे खरंच होतं, मी साक्षीदारच होते. आईला विचारलं तर ती म्हणाली, "त्यांनी दिलाय ना शब्द? बरं." दोन दिवस मी नुसती गाडीभोवती फिरत होते. तुमचा शब्द मोडायचा म्हणजे काय ते तुम्हाला सांगायला नको. दिलेला शब्द तुम्ही कधी फिरवला नाही, भाजीवाल्याशीसुद्धा नाही.

मग एका दुपारी कॉलेज सुटल्यावर मी तशीच तुकोगंजला त्यांच्या दवाखान्यात गेले. पेशंट संपेपर्यंत बाकावर बसले. आत गेल्यावर सरळ म्हटलं, "डॉक्टरसाहेब, बाबांनी तुम्हाला शब्द दिला तो घरात चालवणारं कोणी नाही म्हणून. ते चुकले. मी आहे."

त्यांनी चष्मा काढला, माझ्याकडे नाही, माझ्या चपलांकडे बघितलं. "पाय पुरतात?" म्हणाले. म्हणजे तुम्ही गावभर सांगून ठेवलं होतं.

"पुरतील," मी म्हटलं.

"पुरले तर गाडी तुमची. नाही पुरले तर हट्ट करू नका, ताई. ती पडली तर मला बघवणार नाही." गाडी पडलेली की मी पडलेली, ते त्यांनी स्पष्ट केलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी सीट उतरवली. स्कूटरच्या पायाशी आडवी ठेवून, दोन्ही गुडघे बाहेर काढून, छावणीत सलीम भियांकडे नेली. पूर्ण रस्ताभर तुमची माफी मागत होते आणि मधूनमधून तुम्हाला शिव्याही देत होते. सलीम भिया गद्दीवाले, बोलण्यात एकदम पक्के इंदुरी. त्यांना म्हटलं, "भिया, जितकी खाली होईल तितकी करून द्या. माझे पाय टेकले पाहिजेत." ते म्हणाले, "दीदी, टेंशन मत लो, जमीन पे बिठा दूँगा आपको." आणि कडेच्या पिना उचकटून त्यांनी रेग्झिन ओढलं. त्या रेग्झिनखाली अजून एक जुनं रेग्झिन निघालं. तेही काढलं.

आत गोधडी होती.

दुहेरी घडी घातलेली, सीटभर नीट बसवलेली, कडेने सुतळीने टाके मारलेली. निळ्या-तांबड्या तुकड्यांची, तेलाने काळवंडलेली. सलीम भियांनी ती उचलून धरली आणि म्हणाले, "लो, ये तो बिस्तर निकला. दीदी, कंपनी वाले गोदड़ी डाल के नहीं देते." गोधडीखाली कंपनीची खरी गादी होती, काथ्याची, अजून टणक. ती माझ्या दोन-तीन बोटांनी खाली होती. मी तिथल्या स्टुलावर बसून हसायला लागले. हसू थांबेना, मग दुसरंच काहीतरी सुरू झालं, आणि सलीम भियांनी पंखा माझ्याकडे वळवला.

अहो बाबा, पलंग. दुसऱ्यांच्या सीटला पलंग म्हणणारे तुम्ही. जन्मभर ज्याला ओरिजिनल म्हणत आलात त्यात अंथरूण घालून बसला होता.

गोधडी मी घरी आणली आणि जेवणाच्या टेबलावर ठेवली. आई पोळ्या लाटत होती. ती बाहेर आली, हात पिठाचे, आणि गोधडीकडे बघून "बरं" म्हणाली नाही. तिने पिठाच्या हातानेच एक कोपरा उलटा केला, टाके बघितले.

"ही इथे होती होय?" म्हणाली. "माहेरची माझी. मला वाटलं बोहारणीला गेली."

मग उभ्या उभ्याच तिने सगळं सांगितलं. मी पोटात होते. शेवटचे महिने. दवाखान्याचा रस्ता नुसता खणून ठेवलेला, आणि टेंपोत बसलं तर हाडं खिळखिळी व्हायची. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की मोटरसायकलवर अजिबात बसायचं नाही. "हे म्हणाले, बाईंना गाड्यांतलं काय कळतं? आणि एक दिवस घरातली गोधडीच गायब. मी विचारलं, सीट इतकी मऊ कशी झाली, तर म्हणे कापूस घातलाय. आधी फक्त मागच्या बाजूला घातली होती. तर काय व्हायचं, मागे उंच, पुढे खाली. ब्रेक मारला की मी घसरून सरळ यांच्या पाठीवर. सासूबाई गच्चीतून बघत असायच्या. मला मेली लाज वाटायची. मग यांनी उसवून सगळ्या सीटभर घातली."

"आणि नंतर काढली नाही?" मी विचारलं.

"तू झालीस, मग कुठे आठवतंय? राहून गेली असेल."

राहून गेली असेल. बाबा, मला हे कळलंच पाहिजे आणि विचारायचं म्हटलं तर तुम्ही नाही. राहून गेली की ठेवली? तुम्हाला माहीत होतं का? गाडीवर नळाने पाणी मारू द्यायचा नाहीत, सीट नेहमी ओल्या फडक्याने स्वतः पुसायचा. रेग्झिन फाटलं तेव्हा जुनं न काढता त्यावरच नवं शिवून घेतलंत, म्हणजे कोणी आत बघायला नको. हे बघितलं की वाटतं, पक्कं माहीत होतं. आणि मग दुसरं मन म्हणतं, माहीत असतं तर दर रविवारी लालबागेत छाती काढून "कंपनीने दिली तशी" कसं म्हणाला असता? तुम्हाला खोटं बोलायला जमत नव्हतं. तुमचे कान लाल व्हायचे.

विसरला असाल तर ठीक आहे, माणूस विसरतो. पण माहीत असेल तर मग, बाबा, तुम्ही फार वाईट वागलात. मी अजून जन्मलेही नव्हते, तेव्हा माझ्यासाठी तुम्ही कंपनीची सीट बिघडवलीत, डॉक्टरीणबाईंचं ऐकलं नाहीत, आईची गोधडी चोरलीत. आणि मी समोर उभी राहून मागत होते तेव्हा तीच गोधडी काढून द्यायला तुमचा हात झाला नाही. माझ्यासाठी उंच केलेल्या सीटवर माझेच पाय पुरत नव्हते. मी किती रात्री यावर तुमच्याशी मनात भांडले आहे, काय सांगू? भांडता भांडता मध्येच तुम्ही डोळ्यांपुढे येता, तरुण, सुतळीला मेण लावून टाके घालताना, आणि माझं भांडण तिथेच बसून जातं.

आईला विचारलं, "काय करू गं याचं?"

आई म्हणाली, "तुझे पाय टेकले पाहिजेत ना? मग काढ." मग गोधडीवर हात ठेवून म्हणाली, "माझं हाड आता म्हातारं झालंय."

ती असं काही मागेल असं मला वाटलंच नव्हतं. ती गाडीवर बसेल हेच मी धरलं नव्हतं. मी पुन्हा छावणीत गेले आणि सलीम भियांना म्हटलं, पुढे नको, मागे ठेवा. गोधडी धुऊन, वाळवून, तिची अर्धी घडी मागच्या भागात. ते म्हणाले, "दीदी, पीछे वाली सवारी आगे सरकेगी." तुम्हालाही हेच कळलं होतं आणि तुम्ही दुरुस्त केलं होतं. मी म्हटलं, सरकू दे. मला अंगाला अंग लागल्याची लाज वाटत नाही, आणि आमच्या गच्चीतून आता कोणी बघत नाही.

तुमच्या जमातीला ही सीट दाखवायची होती, म्हणून रविवार धरला. मी एकटीच निघणार होते. किक मारली. तिसऱ्या-चौथ्या किकला ती बोलायला लागली, तुम्ही म्हणायचा तशी. मी बसले. पाय खाली सोडले. दोन्ही टाचा फरशीला लागल्या, बाबा, नुसते अंगठे नाहीत. मी मान वळवून तुमच्या खुर्चीकडे बघितलं, दाखवायला. व्हरांड्यात खुर्ची रिकामी होती, आणि पहिल्यांदा मला नीट कळलं की मी जिंकले आहे आणि ऐकायला कोणी नाही. इतका कडू विजय मी कधी पाहिला नाही. तेवढ्यात आई दाराशी आली. चांगलं पातळ नेसली होती, केसांना तेल लावलेलं. "मी पण येऊ का?" म्हणाली.

ती एका बाजूला पाय सोडून बसली, नेहमीसारखी. तिच्या वजनाने गाडी जरा दबली. मी म्हटलं, धर मला. तिने धरलं नाही. सीट धरली. सवयीनेच असेल.

आपल्या रामबागेतून निघालो. मी हळूच चालवत होते. रविवार, रस्ते बऱ्यापैकी मोकळे. पोह्यांच्या गाड्यांभोवती लोक उभे होते, काही जण गाडीच्या आवाजाने वळून बघत होते, आणि एका आजोबांनी चक्क हात केला. तुम्हाला ओळखत असतील. मला एकदम बरं वाटायला लागलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच मी आईला काहीतरी दाखवत होते, हे बघ ती दुकानं, हे बघ इथे नवीन काय झालंय, आणि ती मागून "हो गं, हो" म्हणत होती.

महू नाक्याचा सिग्नल ऐन वेळी लाल झाला. मी ब्रेक मारला, जरा जोरातच. आई मागच्या उंचवट्यावरून घसरली आणि सरळ माझ्या पाठीवर आली.

मी वाट बघितली, आता मागे सरकेल. सरकली नाही. तिचं कपाळ माझ्या पाठीला टेकलं होतं, दोन खांद्यांच्या मध्ये. मग तिचे हात आले, माझ्या पोटाभोवती, घट्ट. तिचं अंग हलायला लागलं. आधी मला वाटलं हसते आहे. मग माझ्या कुडत्याला ओल लागली. ती रडत होती. तोंड माझ्या पाठीत खुपसून, मोठ्याने, भर नाक्यावर, जशी घरात एकदाही रडली नव्हती. आणि ती माझं नाव घेत नव्हती.

सिग्नल हिरवा झाला. मागच्यांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली. एक जण बाजूने जाता जाता म्हणाला, "मैडम, ग्रीन हो गया." मी निघाले नाही. तिचं सगळं वजन माझ्या पाठीवर होतं, तुमची गाडी खाली धडधडत होती, आणि मी दोन्ही पाय रोवून तशीच उभी राहिले, तिचं संपेपर्यंत. गाडी जराही कलली नाही, बाबा.